सहा इमारती, १४४ घरं: सोसायटीने स्वतःचं फायबर टाकावं की कंपन्यांवरच सोडावं?

सहा इमारतींच्या तुमच्या सोसायटीने स्वतःचं फायबर (इंटरनेट प्रकाशाच्या रूपात वाहून नेणारी काचेच्या तंतूंची केबल) टाकावं का, असं तुम्ही विचारलंत. आवारातलं फायबर सोसायटीने टाकावं आणि इंटरनेट मात्र कंपनीकडूनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही प्रश्नात इंग्लंडमधल्या 'बी४आरएन'चं (ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ) उदाहरण दिलंय. लँकेशायरच्या ग्रामीण भागात २०११ साली लोकांनी उभारलेली ही संस्था. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून डक्ट (केबलच्या नळ्या) फुकट जाऊ दिले, गावकऱ्यांनी चर खणले आणि घरोघरी डाउनलोड-अपलोड दोन्हीला १ जीबीपीएस (सेकंदाला एक अब्ज बिट) वेग मिळाला. पण ती संस्था स्वतःच सेवा पुरवते. आपल्याकडे लीज्ड लाइन (कंपनीकडून भाड्याने घेतलेली खास इंटरनेट जोडणी) घेऊन ती पैसे घेऊन घरोघरी वाटायची तर दूरसंचार विभागाची परवानगी लागते. मग ग्राहक पडताळणी, वापराच्या नोंदी, रात्रीच्या तक्रारी असं सगळं मागे लागतं. १४४ घरांच्या जिवावर हे पेलत नाही. फायबर आपलं असेल तर कंपनी बदलायला एक पॅचकॉर्ड (दोन टोकं जोडणारी छोटी वायर) हलवली की झालं. वाटाघाटीत सोसायटीचं वजन यामुळेच वाढतं.

आता मांडणी, कारण बहुतेक सोसायट्या इथेच फसतात. ठेकेदार प्रत्येक शाफ्टमध्ये (इमारतीतल्या केबल-पाइपच्या उभ्या पोकळीत) स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारी डबी) बसवून द्यायला बघतो, कारण केबल कमी लागते. तसं केलंत की त्या स्प्लिटरवरची सगळी घरं एकाच कंपनीला बांधली जातात. म्हणून स्प्लिटर शाफ्टमध्ये नको. प्रत्येक घरातून २ कोर (काचेचे स्वतंत्र तंतू) तळमजल्याच्या बॉक्सपर्यंत आणा. इमारतीत २४ घरं म्हणजे ४८ कोर, तेवढ्याच कोरची केबल तिथून मध्यवर्ती खोलीत न्या. सहा इमारती मिळून २८८ कोर पॅच पॅनेलवर (सगळ्या जोडण्यांची पाटी) येतील. कंपनी आपला १:३२ (एका फायबरचे ३२ वाटे करणारा) स्प्लिटर त्या खोलीत लावेल. घराचा एक कोर पहिल्या कंपनीला, दुसरा दुसऱ्या कंपनीला किंवा राखीव. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे खोलीत कोरडेपणा आणि कुलूप एवढं पुरतं. वीज गेल्यावर नेट चालू राहावं असं वाटत असेल तर घरातल्या ओएनटीला (प्रकाशाचं इंटरनेट सिग्नलमध्ये रूपांतर करणारी पेटी) आणि राउटरला छोटा यूपीएस लावा.

जमिनीखाली जी.६५२डी, घरात आणि शाफ्टमध्ये जी.६५७ए२ जातीचं फायबर घ्या. दुसरं ७.५ मिमी त्रिज्येच्या वळणापर्यंत तग धरतं. केबल एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) डक्टमधून न्या आणि डक्टची दोन्ही तोंडं प्लगने बंद करा. उघड्या तोंडातून उंदीर शिरतात आणि पावसाळ्यात चेंबरमधलं पाणी थेट बॉक्सपर्यंत येतं. खांबावरून किंवा गच्चीवरून केबल न्यायचीच असेल तर धातू नसलेली घ्या, नाहीतर विजांच्या दिवसांत त्रास होतो.

प्रकाशाच्या ताकदीचा हिशेब असा (डीबीएम हे ताकदीचं माप, डीबी हे घटीचं): कंपनीकडून साधारण +३ डीबीएम प्रकाश निघतो. १:३२ स्प्लिटर १७ डीबी खातो, काही किलोमीटरची केबल आणि जोड मिळून आणखी ३ ते ४ डीबी. घरी −१७ ते −१८ डीबीएम मिळायला हवेत. ओएनटी −२७ पर्यंत चालतं, पण −२५ च्या खाली गेलात की पावसात आणि उन्हाळ्यात लाइन तुटत राहते. तुमच्या हद्दीतला वाटा यात लहान असतो: तीन स्प्लाइस (वितळवून केलेले कायमचे जोड) आणि दोन कनेक्टर धरून एका कोरला १.५ डीबीपेक्षा जास्त नुकसान मान्य करू नका. हे ठेक्यात लिहा आणि प्रत्येक कोर १३१० व १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजून घ्या. १३१० ठीक आणि १५५० वर नुकसान जास्त, तर कुठेतरी केबल जास्त वळली आहे, बहुधा कपाटामागे किंवा शाफ्टच्या कडेवर. दोन्हीकडे नुकसान सारखंच जास्त असेल तर आधी कनेक्टर पुसा, मग स्प्लाइस तपासा. आणखी एक नेहमीची चूक: हिरव्या टोकाचा एपीसी (तिरप्या तोंडाचा) कनेक्टर निळ्या यूपीसीत (सरळ तोंडाच्या) बसतो, पण तोंडं जुळत नाहीत आणि सिग्नल मार खातो. सगळीकडे हिरवाच ठेवा.

फायबर कंपनीला भाड्याने देण्याच्या मोहात पडू नका, तो दूरसंचार विभागाकडच्या नोंदणीचा विषय होतो. विनाशुल्क वापरू द्या आणि बदल्यात दर व दुरुस्तीची मुदत लेखी घ्या. कोणत्याही कंपनीला एकमेव हक्क नाही, हे कलम करारात हवंच. खर्च घरटी वाटला जाणार आहे, तेव्हा सर्वसाधारण सभेचा ठराव आधी, चर नंतर. शेवटचं बिल चुकवण्याआधी सगळ्या कोरचे ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती नुकसान होतं ते मोजणारं यंत्र) अहवाल आणि कोणता कोर कुठल्या घराचा याचा तक्ता ताब्यात घ्या. त्या तक्त्याची एक प्रत मध्यवर्ती खोलीतल्या पॅच पॅनेलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, दुसरी ऑफिसच्या फाइलला लावा.