लडाखचं तिकीट काढण्याआधी रजा बघ

पहिल्याच नोकरीत लडाखचा प्लॅन, मस्तच! पण आधी अपॉइंटमेंट लेटरमधला रजेचा भाग नीट वाच. सरकारी मित्राला वर्षाला 30 अर्जित रजा (काम करून कमावलेल्या पगारी रजा), जानेवारी-जुलैत 15-15 जमा होतात, इथे गोव्यात वेर्ण्याच्या फॅक्टरीत साधारण 20 दिवस कामामागे एक, त्यामुळे मित्राचं बघून आपले दिवस धरू नको.

सुरुवातीला एवढंच विचार:
- प्रोबेशनमध्ये (सुरुवातीच्या चाचणी काळात) रजा मिळते का?
- मधले रविवार रजेत धरतात का? नवीन लोक इथेच फसतात, मग पगार कापला जातो.

हॉटेलात नोकरीला असशील तर डिसेंबर विसर, तो गर्दीचा सीझन; पावसाळ्यात माग, तेव्हा लडाखचे रस्तेही उघडे असतात. फक्त चतुर्थीचा आठवडा टाळ, सगळ्यांनाच घरी जायचं असतं. आणि मंजुरी मेलवरच घे, तोंडी "बघूया" वर बुकिंग अजिबात करू नको.