वाचकांचे प्रश्न : परदेशातील डोंगरवाटांसाठी जीपीएस यंत्र आणि नकाशे

प्रश्न : आम्ही तिघे मित्र साठीच्या आसपासचे असून पंचवीस वर्षे सह्याद्रीत भटकत आहोत. येत्या सप्टेंबरात फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी माँ ब्लाँ पर्वताची पायी प्रदक्षिणा करण्याचा बेत आहे. मोबाइल पुरेल की हातात धरायचे वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे? दुकानदार म्हणतो की यंत्रात जगाचा नकाशा आधीच भरलेला असतो. ते खरे आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दुकानदार खोटे बोललेला नाही, पण त्याचे खरे आपल्या कामाचे नाही. यंत्रात मुळात जो ‘जगाचा नकाशा’ येतो, त्यात मोठी शहरे, मुख्य रस्ते, समुद्रकिनारे आणि एखादी ठळक नदी एवढेच असते. माँ ब्लाँच्या परिसरात तो उघडलात, तर दोनतीन रस्त्यांच्या रेषा आणि मध्ये कोरी जागा दिसेल, आणि आपल्याला चालायचे आहे ते नेमके त्या कोऱ्या जागेतून. काही यंत्रांत त्याखेरीज एखाद्या खंडाचा तपशीलवार नकाशाही दिलेला असतो. पण तो यंत्र ज्या बाजारपेठेसाठी बनवले तिथला असतो, म्हणून खोक्यावर कोणत्या प्रदेशाचे नाव आहे ते पैसे देण्यापूर्वी वाचावे. माझा सल्ला असा की आधी नकाशा ठरवावा आणि तो नकाशा ज्यात चालेल असे यंत्र मग शोधावे. बहुतेक मंडळी याच्या उलट करतात आणि विमानात बसण्याच्या आदल्या रात्री नकाशाच्या शोधात बसतात.

ही प्रदक्षिणा सुमारे १७० किलोमीटरची आहे, एकूण चढ सुमारे १०,००० मीटर भरतो आणि साधारणपणे दहा-अकरा दिवस लागतात. बरेच जण फ्रान्समधल्या शामोनी शहराजवळच्या ले उश गावातून निघतात, कोल द ला सेन्य (२,५१६ मीटर) या खिंडीतून इटलीत उतरतात आणि ग्रां कोल फेरे (२,५३७ मीटर) ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये जातात. अडचण अशी की फ्रान्सच्या आणि स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशासंस्थांचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे अप्रतिम असले, तरी प्रत्येकाचे मुख्य काम आपापल्या सरहद्दीच्या आतले. या दोन्ही संस्थांनी २०२१ पासून आपली बरीचशी डिजिटल सामग्री विनामूल्य खुली केली आहे आणि मोबाइलवर ती पाहणे सोपे आहे. हातयंत्रासाठी मात्र मी २००४ साली सुरू झालेल्या, लोकसहभागातून तयार होणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला नकाशा सुचवीन, कारण तो सरहद्दीपाशी तुटत नाही. युरोपातल्या पायवाटा त्यात इतक्या बारकाईने नोंदलेल्या आहेत की आपल्या राजमाचीची वाट त्यात पाहिलेल्या माणसाला हेवा वाटावा. गार्मिन या कंपनीच्या यंत्रांत चालतील अशा स्वरूपात हे नकाशे काही हौशी मंडळींनी तयार करून ठेवलेले असून ते बहुतांशी फुकट मिळतात. एक उणीव लक्षात असू द्या. त्यातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पायवाटांसारख्या लोकांनी नोंदलेल्या नसतात. त्या बहुधा २००० सालच्या अवकाशयानाच्या मोजणीसारख्या वेगळ्या सामग्रीवरून काढलेल्या असतात, आणि उभ्या कड्यांपाशी त्यांवर फार विश्वास टाकू नये.

नकाशाची फाइल संगणकावर उतरवून मायक्रोएसडी कार्डावर ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि कार्ड यंत्रात बसवायचे, एवढेच काम असते. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन मूळचा नकाशा बंद करावा. एकाच भागाचे दोन नकाशे एकदम चालू ठेवले, तर वरचा खालच्याला झाकतो आणि आपण उतरवलेला नकाशा बिघडला अशी समजूत होऊन माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. नकाशा विकत घेणार असाल, तर कार्डावरचाच घ्या. ते कार्ड काढून मित्राच्या यंत्रात घालता येते. संगणकावरून उतरवलेला विकतचा नकाशा सहसा एकाच यंत्राशी बांधला जातो.

आता यंत्राकडे वळू. गार्मिनची ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही दोन लहान यंत्रे तुलनेसाठी घ्या. दोन्हींचा पडदा २.२ इंचांचा आहे, दोन्ही दोन पेन्सिल सेलवर चालतात आणि कंपनी २५ तास चालण्याचा दावा करते. दिसायला जुळी भावंडे असली, तरी ३२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि वायुदाबावर चालणारा उंचीमापक आहे. २२एक्समध्ये हे दोन्ही नाहीत. होकायंत्र नसलेल्या यंत्राला आपण चालत असतानाच दिशा कळते. उभे राहिलो की त्याचा बाण मनाला येईल तिकडे वळतो. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर दाट धुक्यात मी एकदा असाच थांबून बाणाकडे पाहत राहिलो होतो, आणि बाण निःशंकपणे कोकणकड्याकडे चला म्हणत होता. आलेल्या वाटेने वीस पावले मागे गेल्यावर त्याला शुद्ध आली. तेव्हापासून होकायंत्राचे जादा पैसे वाचवावेत की नाही, या प्रश्नावर माझे मत पक्के आहे.

उंचीमापकाचा उपयोग उंचीपुरता नाही. खिंडीत उंची लिहिलेली पाटी दिसली की यंत्रातली उंची तिच्याशी जुळवून घ्यावी आणि आपोआप दुरुस्ती करण्याची सोय बंद ठेवावी. मग रात्री मुक्कामाच्या जागी २,००० मीटर दाखवणारे यंत्र सकाळी, जागचे न हलता, २,०३० दाखवू लागले, तर आपण वर गेलेलो नाही, हवेचा दाब सुमारे तीन मिलिबारने उतरला आहे. हे हवा बिघडण्याचे लक्षण असू शकते, म्हणून अशा सकाळी मोठी खिंड ओलांडण्यापूर्वी तिथल्या माणसांना हवामान विचारावे.

दोन वारंवारितांवर संदेश घेणाऱ्या नव्या यंत्रांची, उदाहरणार्थ गार्मिनच्याच जीपीएसमॅप ६५एसची, बरीच वाहवा होते आणि ती अनाठायी नाही. अरुंद घळीत किंवा कड्याच्या पायथ्याशी उपग्रहाचा संदेश खडकावर आपटून उशिरा पोहोचतो आणि आपले स्थान सरकलेले दिसते. अशा ठिकाणी ही यंत्रे अधिक अचूक ठरतात. पण आपल्या वाटेचा मोठा भाग झाडोऱ्याच्या वर, उघड्या आकाशाखाली आहे. तिथे साधे यंत्रही काही मीटरांच्या आत स्थान दाखवते, आणि ६५एसचे सेल मात्र १६ तासांतच संपतात. यंत्रात कोंडलेली बॅटरी असलेले जीपीएसमॅप ६७ कितीतरी जास्त चालते, पण किंमतही तशीच आहे. मॉडेले बदलत राहतात, म्हणून नावापेक्षा पुढील गुण पाहावेत : बदलता येणारे सेल, होकायंत्र, उंचीमापक, कार्डाची खाच आणि बोटांनी दाबायची बटणे. ओल्या हातमोज्यांना स्पर्शपडदा दाद देत नाही.

सेल पेन्सिलचे असण्याचा फायदा मुक्कामाला कळतो. डोंगरातल्या निवासात चाळीस-पन्नास माणसे आणि भिंतीवर चार प्लग अशी स्थिती असते. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. लिथियमचे पेन्सिल सेल महाग असले तरी गारठ्यात टिकतात. कोणते सेल घातले आहेत ते यंत्राच्या सेटिंगमध्ये सांगावे, नाहीतर बॅटरीची पट्टी भलतेच दाखवते. विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेवावे लागतात.

मग मोबाइलचे काय? तिघांच्याही खिशात तो असणारच, आणि त्यात ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड यांपैकी एक ॲप घालून तिन्ही देशांचे नकाशे घरीच उतरवून ठेवावेत. उपग्रहांचा संदेश घ्यायला सिमकार्ड लागत नाही. एअरप्लेन मोडमध्येही स्थान दिसते. ही वाट खुणांनी इतकी चांगली आखलेली आहे की स्वच्छ हवेत मोबाइल आणि खांबावरची पाटी एवढ्यावर निभावते, आणि हे मी यंत्रांचा भोक्ता असूनही लिहितो आहे. वेगळे यंत्र हवे ते धुक्याच्या, पावसाच्या आणि भुरभुरत्या बर्फाच्या दिवसासाठी. सप्टेंबरात असे दिवस येतात. तिघांत मिळून एक यंत्र पुरे.

यंत्राला ‘अमुक गावी घेऊन चल’ असे सांगू नका. ते बहुधा आपल्याला दरीतल्या डांबरी रस्त्यावर उतरवेल. वाटेचा ट्रॅक, म्हणजे बिंदू जोडून काढलेली वाटेची रेषा, जीपीएक्स नावाच्या प्रकारच्या फाइलच्या रूपात मिळवून, प्रत्येक दिवसाचा वेगळा करून यंत्रात भरावा आणि पडद्यावरच्या त्या रेषेशी आपले स्थान जुळते का एवढेच पाहत जावे. अखंड १७० किलोमीटरचा ट्रॅक भरू नये, कारण या प्रकारच्या यंत्रांत १०,००० बिंदूंच्या पुढचा भाग कापला जातो, आणि तो नेमका शेवटच्या दिवसांचा असतो.

तिथे पोहोचल्यावर यंत्र प्रथम चालू कराल, तेव्हा ते आपण पुण्यातच आहोत अशा समजुतीत असते आणि तिथून दिसणारे उपग्रह शोधत बसते. उपग्रहांचे संपूर्ण वेळापत्रक नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. तेव्हा हॉटेलच्या खिडकीत न बसता उघड्या जागी यंत्र ठेवून निवांत कॉफी घ्यावी.

अक्षांश-रेखांश लिहिण्याची पद्धत तिघांनी निघण्यापूर्वी एकच ठरवा. संकटात ११२ या क्रमांकावर फोन करून ‘४५ अंश ५०.५ मिनिटे’ असे सांगायचे असताना घाईत कुणी ‘४५.५०५ अंश’ म्हणाला, तर मदतपथक सुमारे ३७ किलोमीटर दक्षिणेला शोधत राहील. आणि कागदी नकाशाची एक घडी पाठपिशवीत असू द्या. त्यावरचे चौकोन त्या त्या देशाच्या पद्धतीचे असतात, म्हणून यंत्रातली पद्धत त्यानुसार बदलावी लागते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट वापरलेल्यांना हा अनुभव असेल. त्या एव्हरेस्टच्या नावाच्या जुन्या मापनपद्धतीवर बेतलेल्या आहेत आणि यंत्राला तसे न सांगता ते वापरले, तर वाडी ओढ्याच्या पलीकडे दिसते.

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला जात आहोत. तिथून भाड्याच्या गाडीने फ्रान्स आणि स्वित्झर्लंड पाहायचे आहे. डोंगरात वापरतात ते यंत्र गाडीतही चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चालेल, पण आपण वैतागाल. त्याचा पडदा काडेपेटीपेक्षा फार मोठा नसतो आणि वळण आल्यावर ते बोलून सांगत नाही. मोबाइल आणि काचेला लावायचा स्टँड पुरेसा आहे. मात्र वेगमापक कॅमेऱ्यांच्या जागा सांगणारी सोय फ्रान्समध्ये २०१२ पासून बेकायदा आहे, दंड १,५०० युरोपर्यंत होऊ शकतो, आणि स्वित्झर्लंडमध्येही तिला मनाई आहे. सरहद्द ओलांडण्यापूर्वी ती बंद करा. इंग्लंडमध्ये शहरात पोस्टकोड घातला की आपण जवळजवळ दारात पोहोचता, पण खेड्यात एकाच पोस्टकोडमध्ये दूरदूरची शेतघरे येतात, म्हणून तिथे घराचे नाव विचारून घ्यावे.

प्रश्न : कैलास-मानसरोवर यात्रेला जाताना जीपीएस यंत्र सोबत न्यावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. चीनमध्ये परवानगीशिवाय मोजणी आणि नकाशाची नोंद करणे कायद्याने निषिद्ध आहे. डोल्मा ला खिंडीत आपण हौसेने केलेली ट्रॅकची नोंद तपासनीसाला हौस वाटेलच असे नाही. शिवाय तिथले अधिकृत नकाशे मुद्दाम सरकवलेल्या मापनपद्धतीत छापलेले असतात, त्यामुळे उपग्रहाने दिलेले स्थान त्यांवर काहीशे मीटर बाजूला पडते. परिक्रमेची वाट इतकी मळलेली आहे आणि सोबत इतके लोक असतात की यंत्राची गरजच नाही.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारे आणि संकटात मदत मागता येणारे यंत्र तो मला कुरिअरने पाठवतो म्हणतो. पुढील वर्षी नेपाळला आणि नंतर युरोपला नेण्याचा विचार आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भाच्याच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्याला थांबवा. हे यंत्र साध्या जीपीएसहून वेगळे असते. साधे यंत्र उपग्रहाचे नुसते ऐकते, हे उपग्रहाशी बोलते; आणि भारतात दूरसंचार विभागाच्या पूर्वपरवानगीशिवाय उपग्रहाशी बोलणारे साधन बाळगता येत नाही. यांतली बरीच यंत्रे इरिडियम या कंपनीच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू महिलेला असेच यंत्र सामानात सापडल्यामुळे अडवण्यात आले होते. तिने ते लपवलेही नव्हते. ते इतर वस्तूंबरोबर तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवलेले होते. विमान मुंबईहून सुटणार असेल, तर यंत्र फक्त परदेशात वापरायचे आहे हे सांगून उपयोग होत नाही.

दुकानात यंत्राचे नाव वाचताना शेवटच्या अक्षराकडेही पाहा. जीपीएसमॅप ६७ हे ऐकणारे यंत्र आहे आणि ६७आय हे बोलणारे. दोन्ही शेजारी ठेवली, तर ओळखणे कठीण. वापरलेले यंत्र घेताना ही गफलत सहज होते. युरोपात असे यंत्र हवेच असेल, तर तिथेच भाड्याने घ्यावे आणि परतण्यापूर्वी तिथेच द्यावे. नेपाळमध्ये त्याला परवानगी कशी लागते, हे आपल्या तिथल्या ट्रेकिंग संस्थेकडून लेखी विचारून घ्या. भाच्याला मात्र आजच फोन करा, कारण पार्सल एकदा निघाले की कस्टम्सच्या कागदावर नाव त्याचे नाही, आपले असते.