सहाशे मशिनचे स्टॅटिक आयपी एक्सेलमध्ये सांभाळावेत की डीएचसीपीवर जावं?

तुमच्या ऑफिसात सहाशे मशिनना हाताने स्टॅटिक, म्हणजे कायमचे, आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) दिलेत, नोंद एक्सेलमध्ये आहे, तरी कॉन्फ्लिक्टचे (एकच आयपी दोन मशिनना गेल्याचे) मेसेज थांबत नाहीत. माझं उत्तर सरळ आहे: डीएचसीपीवर जा, म्हणजे सर्व्हरच मशिनना आपोआप आयपी देईल. शीट कितीही नीटनेटकी असली तरी कुणाला आठवेल तेव्हाच ती भरली जाते.

कॉन्फ्लिक्ट बहुतेक वेळा असा होतो. नवीन मशिन येतं, इंजिनिअर एक नंबर पिंग करून (त्या पत्त्याला छोटा मेसेज पाठवून) बघतो, रिप्लाय येत नाही, मग मोकळा समजून तोच देऊन टाकतो. तो नंबर असतो सुट्टीवर गेलेल्या कुणाच्या तरी लॅपटॉपचा. कधी कधी मशिन चालू असूनही पिंगला उत्तर देत नाही, कारण विंडोजची फायरवॉल बरेचदा ते अडवते. एआरपीला ('हा आयपी कुणाचा?' या नेटवर्कवरच्या विचारणीला) मात्र त्याच व्हीलॅनमधलं (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमधलं) चालू मशिन उत्तर देतं. म्हणून सुरुवात शीटपासून नको. कोअर (मुख्य) स्विचचा एआरपी टेबल, म्हणजे कोणता आयपी कोणत्या मशिनकडे आहे त्याची यादी, आठवडाभर रोज, वेगवेगळ्या वेळी काढा आणि मग शीटशी ताडून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढे गेलात तर डीएचसीपी सर्व्हरही तेच घोळ घालेल.

राउटर, स्विच आणि सर्व्हर स्टॅटिकच राहू द्या, पण त्यांचे नंबर पूलमधून (डीएचसीपीने वाटायच्या पत्त्यांतून) वगळा. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची मशिनं यांना रिझर्व्हेशन करा. नंबर तोच मिळतो, फक्त तो ठरतो सर्व्हरवर. उद्या डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) बदलला तर प्रत्येक प्रिंटरपुढे उभं राहून मेनू दाबत बसावं लागत नाही.

सगळे सहाशे एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका तुकड्यात) कोंबू नका. /२४ आकाराच्या सबनेटमध्ये २५४ पत्ते मिळतात. मजल्यागणिक किंवा विभागागणिक एक पुरे. डीएचसीपीची ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून केलेली विनंती) व्हीलॅनबाहेर जात नाही, त्यामुळे एल-थ्री (व्हीलॅन एकमेकांना जोडणाऱ्या) स्विचवर रिले, म्हणजे ती विनंती सर्व्हरपर्यंत पोचवणारी सोय, लावायला विसरू नका. रेंज १०.० ने सुरू होणारी घ्या, आणि तिच्यातही १०.०.० टाळा. १९२.१६८.१ घेतलीत तर घरून व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्यांची पंचाईत होते, कारण अनेकांच्या घरच्या राउटरची रेंजही तीच असते.

लीजचा (पत्ता एका मशिनकडे राहण्याचा) कालावधी सगळीकडे सारखा नको. विंडोज सर्व्हरवर तो मुळात ८ दिवसांचा असतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरना ते ठीक, पण गेस्ट वायफायवर तासाभरासाठी आलेला पाहुणा आठवडाभर पत्ता अडवून बसतो आणि पूल संपतो. तिथे दोन-चार तास ठेवा. हल्लीचे फोन वायफायला खरा मॅक (रिझर्व्हेशन ज्यावर होतं तो उपकरणाचा ओळख नंबर) न देता बनवलेला देतात, त्यामुळे त्यांच्यासाठी रिझर्व्हेशनच्या भानगडीत पडू नका.

नोंदीसाठी एक्सेलऐवजी नेटबॉक्स आणि पीएचपीआयपॅम ही दोन्ही सॉफ्टवेअर चांगली, फुकटही आहेत.

बदल एका मजल्यापासून करा. त्याआधी स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) चालू करून सर्व्हरकडे जाणारे पोर्ट तेवढे ट्रस्टेड (विश्वासाचे) ठेवा. नाहीतर कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला लावतो आणि अर्ध्या मजल्याला भलतेच आयपी मिळू लागतात.