बाराबोरचं लायसन आहे. स्वसंरक्षणात माणसावर गोळी झाडावी लागली, तर पुढच्या कोर्टकचेरीसाठी आधीपासून काय तयारी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की घर वावरातच आहे, बंदूक वडिलांच्या काळापासूनची आहे आणि अमेरिकेतले व्हिडिओ पाहून विमा घ्यावा का असा विचार चाललाय. विम्याचं सोडा, तो धंदा तिकडचा. आपल्याकडे माणसाला अडकवतात ते गोळीनंतर पहिल्या तासात जमणारे शहाणे नातेवाईक.

आमच्या मोठेबाबांकडे दोननळी होती. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, घर शेवटचं, बाजूला बैलांचा कोठा. कापूस वेचणीचे दिवस. रात्री कोयंडा तुटल्याचा आवाज आला म्हणून मोठेबाबा बंदूक घेऊन बाहेर आले. तिघे जण बैल सोडत होते. ओरडल्यावर दोघे पळाले, तिसरा कुऱ्हाड घेऊन अंगावर आला. मोठेबाबांनी एक नळी झाडली. छर्रे मांडीत घुसले, तो खाली बसला. इथपर्यंत कायद्याने काहीच बिघडलं नव्हतं. रात्री घर फोडणाऱ्याविरुद्ध बचावाच्या हक्काचं जुन्या दंडविधानात कलम १०३ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ४१ आहे. आणि माल ठेवायची इमारत म्हणून कोठाही त्यात बसतो. जिवावरच्या हल्ल्याला तेव्हा कलम १००, आता ३८.

पण पोलिसांच्या आधी पोहोचले आमचे जवाईबापू, मोठेबाबांच्या मुलीचे यजमान. येताच म्हणाले, "मामाजी, खरं सांगसान तर फासावर जासान. बंदूक पुसता पुसता सुटली म्हना." मग त्यांनी काडतुसाची रिकामी पुंगळी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली, अंगणातलं रक्त धुऊन काढलं आणि चोराची कुऱ्हाड नेऊन सरपणात ठेवली. घरात आधीच कुऱ्हाडी होत्या. त्यातली चोराची कोणती, हे नंतर कोणालाच सांगता येईना.

मोठेबाबांनी ठाण्यात तेच सांगितलं. इकडे जखमीने दवाखान्यात बयान दिलं की आम्ही पांदणीने चाललो होतो, म्हाताऱ्याने विनाकारण गोळी घातली. मग मोठेबाबा खरं सांगायला लागले, तर ठाणेदार म्हणे, "परवा तर तुम्ही बंदूक पुसत होते!" खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ लागलं, पुरावा नष्ट केल्याचं २०१ लागलं, पुंगळी जवाईबापूंच्या खिशातून पंचांसमोर निघाली आणि तेही आरोपी झाले. गाव हसलं. मोठी आई हसली नाही.

स्वसंरक्षण म्हणजे "हो, गोळी मीच झाडली, आणि या कारणाने झाडली" असं सांगणं. ते कारण दाखवायचं ओझं आरोपीवर असतं (पुराव्याचा नवा कायदा, म्हणजे साक्ष्य अधिनियम, कलम १०८). ओझं फार जड नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की हल्ला होत असताना माणसाने गणित मांडून पायरीपायरीने बचाव करावा अशी अपेक्षा नाही. पण आधी "सुटली" आणि मग "झाडली" म्हटलं की हलकं ओझंही उचलत नाही. मोठेबाबा सुटले ते डॉक्टरच्या कागदावर छर्रे समोरून लागल्याचं लिहिलं होतं आणि पंचनाम्यात तुटलेला कोयंडा होता म्हणून. पळणाऱ्याच्या पाठीत लागले असते तर कोणताच वकील कामी आला नसता. धोका संपला की हक्क संपतो.

तर तुमची तयारी. लायसनची मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते ५ वर्षांचं झालंय आणि अर्ध्या कास्तकारांना ते संपल्याचं ठाण्यातच कळतं. निवडणुकीत बंदूक जमा केल्याच्या पावत्या जपा. लायसन बापाचं आणि जागलीवर बंदूक पोराच्या हातात, हे आपल्याकडे सर्रास चालतं, ते बंद करा. फौजदारी चालवणाऱ्या वकिलाचा नंबर घरातल्या बाईमाणसाकडेही असू द्या, कारण तुम्ही तेव्हा आत असाल. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा समितीकडून उत्पन्न न बघता फुकट मिळतो.

घटना घडलीच तर ११२ ला तुम्ही स्वतः फोन करा आणि जखमीसाठी १०८ बोलवा. कशालाही हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका. दुसरी नळी भरलेली असेल तर पोलिसांना आधी तेच सांगा. बाकी चार वाक्यं: कोण आलं, हातात काय होतं, मला जिवाची भीती वाटली, मी झाडली. सविस्तर बयान वकिलाला भेटून देतो म्हणा. अटकेनंतर चौकशीत वकिलाला भेटायचा हक्क फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. स्वतःला खरचटलं असेल तरी डॉक्टरकडून लिहून घ्या.

जवाईबापू आजही प्रत्येक लग्नात सांगतात, "मी नसतो तं म्हातारा फासावर गेला असता." मांडीतल्या छर्ऱ्यांना फाशी कोण देतं? २०१ त्यांच्यामुळे लागलं, वकिलाच्या फीसाठी धुऱ्याकडचं दीड एकर त्यांच्यामुळे गेलं. त्यांचं म्हणणं, पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालतच नाही, मग काही सांगितलं तरी काय फरक? कबुली चालत नाही हे खरं. पण तुमच्या सांगण्यावरून जी वस्तू सापडते ती चालते, आणि ती वस्तू त्यांच्याच खिशात होती.

मी वकील नाही, केस जुन्या कायद्यातली आहे. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदललेत, तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या. हेही खरं की आरोपीने स्वतः मांडलं नाही तरी पुराव्यातून दिसलं तर कोर्ट स्वसंरक्षण मानू शकतं. त्या भरवशावर राहू नका.

डुकराचं तुम्ही विचारलं नाही, पण बंदूक वावरात आहे म्हणून सांगतो. अंगावर आलेल्या रानडुकरावर जीव वाचवायला झाडली तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये सूट आहे. नुसतं पीक खातंय म्हणून झाडायला मात्र आधी परवानगी लागते. मेलेलं जनावर सरकारचं. वनरक्षकाला फोन करा, हात लावू नका. जवाईबापूंचा यावरही वाद आहे, पण तो मटणाचा.