क्लिअरीला पाच, कॅरिगनला चार: बंदीचा हिशेब कुठे चुकतो आणि कुठे चुकत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलै २०२२ मध्ये एनआरएलच्या (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग स्पर्धा) एकाच फेरीत पेनरिथच्या नेथन क्लिअरीने परामाटाच्या डिलन ब्राउनला उचलून आपटलं. ब्राउन उठून पुढे खेळला, क्लिअरीला मात्र सेंड ऑफ (उरलेल्या सामन्यातून बाहेर) आणि वर पाच सामन्यांची बंदी. त्याच फेरीत ब्रिस्बेनच्या पॅट्रिक कॅरिगनच्या टॅकलमध्ये (चेंडूवाल्याला धरून पाडणं) वेस्ट्स टायगर्सच्या जॅक्सन हेस्टिंग्सचा पाय मोडला, त्याचा हंगाम संपला, आणि कॅरिगनला चार. मग सातत्य कशाला म्हणायचं?

तुम्ही ईल्सचे, म्हणजे परामाटाचे, चाहते आहात, म्हणजे क्लिअरीला कमी मिळाली असं तुमचं म्हणणं नाही, कॅरिगनला कमी मिळाली असं आहे. रास्त आहे. पण हे दोन आकडे एका तराजूतून आलेलेच नाहीत. तिथून सुरुवात करू.

रग्बी लीगमध्ये एका धोकादायक टॅकलचा निकाल तीनदा लागू शकतो, आणि तिन्ही वेळा प्रश्न वेगळा असतो. मैदानावरच्या रेफरीसमोर प्रश्न असतो, "या सामन्यात आत्ता काय करू?" त्याच्या हातात साधी पेनल्टी, ऑन रिपोर्ट, सिन बिन (दहा मिनिटं बाहेर बसवणं) आणि सेंड ऑफ, एवढंच. मे २०२० पासून मैदानात एकच मुख्य रेफरी असतो (२००९ पासून तोवर दोन होते). बंकर, म्हणजे रीप्ले बघणारी व्हिडिओ खोली, २०१६ पासून आहे, पण खेळ थांबवून किती वेळ बघायचं यालाही मर्यादा असते. दुसरा टप्पा मॅच रिव्ह्यू कमिटीचा. ते लोक सामना संपल्यावर सगळ्या कॅमेऱ्यांतून, हव्या त्या वेगाने बघतात आणि गुन्हा कोणता व ग्रेड (गांभीर्याची पायरी) कितवी, एवढंच ठरवतात. तिसरा टप्पा ज्युडिशिअरी, म्हणजे सुनावणी घेणारं पॅनेल. खेळाडूने आरोप नाकारला किंवा ग्रेड नाकारली, तर प्रकरण तिथे जातं. किंवा प्रकरण ग्रेडच्या चौकटीत बसत नसेल तर कमिटी ते थेट तिथे पाठवते. अध्यक्ष कायद्याचा माणूस, निर्णयाला जुने खेळाडू.

इथे एक गैरसमज दर आठवड्याला दिसतो: "ऑन रिपोर्टसुद्धा केलं नाही, म्हणजे सुटला." असं काही नाही. ऑन रिपोर्ट ही फक्त कमिटीसाठी मारलेली खूण आहे. कमिटी सगळे सामने बघतेच. रिपोर्ट झालेल्या टॅकलवर आरोप न लागणं आणि रिपोर्ट न झालेल्यावर लागणं, दोन्ही नेहमीचं आहे.

आता क्लिअरी. आरोप डेंजरस थ्रो, ग्रेड तीन, म्हणजे त्या गुन्ह्याची सगळ्यात वरची ग्रेड. थ्रोमध्ये बघतात ते हे: उचललेल्या खेळाडूचं शरीर आडव्या रेषेच्या पलीकडे गेलं का, पाय डोक्याच्या वर गेले का, आणि जमिनीला पहिला काय टेकला, पाठ, खांदा की मान. उचलणाऱ्याने शेवटच्या क्षणी हात सोडले की शरीर सावरून खाली आणलं, तेही. ब्राउन उठून खेळला हे या यादीत कुठेच नाही, आणि असूही नये. २०१४ मध्ये न्यूकॅसलचा ॲलेक्स मॅकिनन अशाच उचललेल्या टॅकलनंतर मानेच्या मणक्याच्या दुखापतीने कायमचा जायबंदी झाला. मेलबर्नच्या जॉर्डन मॅकलीनला तेव्हा सात सामने मिळाले. थ्रोची शिक्षा कडक आहे ती त्यासाठी. ग्रेड तीन एकदा लागली की लवकर कबुली दिल्यावर पाच सामने हे शिक्षेच्या ठरलेल्या तक्त्यातूनच येतं. कोणी पाचाचे चार किंवा सहा करायला बसत नाही.

कॅरिगनचं वेगळं. त्याचा होता हिप-ड्रॉप टॅकल. प्रकरण ग्रेड न लावता थेट ज्युडिशिअरीकडे गेलं, आणि चार हा आकडा दोन्ही बाजू ऐकून पॅनेलने ठरवला. म्हणजे पाच तक्त्यातून आले, चार सुनावणीतून. त्यांची वजाबाकी करून "हाडाची किंमत उणे एक सामना" असा अर्थ काढता येत नाही.

हिप-ड्रॉप नीट समजून घेतला तर बरंच भांडण मिटतं. बहुतेक वेळा तो दुसरा किंवा तिसरा टॅकलर असतो, मागून किंवा बाजूने येतो. चेंडूवाला आधीच कुणीतरी वरून धरलेला असतो, त्याचा पाय जमिनीत रुतलेला असतो. हा कमरेला मिठी मारतो, स्वतःची कंबर फिरवतो आणि पाय जमिनीवरून सोडून सगळं वजन त्या अडकलेल्या पोटरी-घोट्यावर टाकतो. धरणं, फिरणं, पडणं, हे तीन भाग. पहिला कायदेशीर, दुसरा बऱ्याचदा नकळत, गुन्हा घडतो तो तिसऱ्यात. तोच टॅकल बिनधोक करायचा तर स्वतःचे पाय जमिनीवर ठेवायचे आणि पडताना समोरच्याच्या पायांच्या बाजूला पडायचं, वर नाही. (कबड्डी पाहणाऱ्याला हे गमतीचं वाटेल. तिथे घोट्याची पकड ही कला. फरक एवढाच की तिथे पाय ओढतात, त्यावर शंभर किलो सोडत नाहीत.)

माझं मत विचाराल तर चार फार कमी नव्हते आणि पाच फार जास्त नव्हते. खटकतं ते हे की एकाला तक्ता आणि दुसऱ्याला सुनावणी. ज्या टॅकलवर वर्षभर चर्चा चालू होती त्याला स्वतःची ग्रेड आणि स्वतःचा आकडा आधीच ठरवून द्यायला हवा होता.

दुखापतीचं काय मग? इथे नियम आणि माणूस यांच्यात कायम ओढाताण आहे. ऑगस्ट २०२१ मधलं लट्रेल मिचेलचं प्रकरण घ्या. साउथ सिडनी विरुद्ध रूस्टर्स, मिचेलचा खांदा जोसेफ मानूच्या चेहऱ्यावर, मानूच्या गालाचं हाड मोडलं. मैदानावर मिचेलला दहा मिनिटं, बस. नंतर कमिटीने रेकलेस (बेदरकार) हाय टॅकल, म्हणजे डोक्या-मानेला लागलेला, ग्रेड दोन लावला आणि सहा सामने बंदी झाली. त्यात शेवटची साखळी फेरी गेली, फायनल्स (साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने) गेल्या, पेनरिथविरुद्धची ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाचा सामना, गेली, जी साउथ सिडनीने १२-१४ अशी हरली. दोन सामने तर २०२२ च्या हंगामात उतरले. रूस्टर्सचे प्रशिक्षक ट्रेंट रॉबिन्सन रेफरी आणि बंकरवर जाहीर बोलले, त्यांना २०,००० डॉलर दंड. आणि मग एनआरएलने स्वतःच मान्य केलं की तो सेंड ऑफ होता.

लोक म्हणतात, "बघा, सिन बिन आणि सहा सामने, ताळमेळच नाही." मला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. सहा सामने बरोबर होते, आणि त्यात त्याच्या आधीच्या नोंदीचं ओझंही होतं. त्याच वर्षी एप्रिलमधल्या एका प्रकरणासाठी तो चार सामने बाहेर बसून आला होता. चुकलं ते मैदानावर. आणि ते नुकसान भरून येत नाही, कारण बंदीचा फायदा मिचेलच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना झाला, रूस्टर्सना नाही. ज्याचा माणूस इस्पितळात गेला तो संघ त्या दिवशी दहा मिनिटांनंतर पुन्हा तेरा विरुद्ध तेरा खेळत होता. चाहत्यांचा राग बंदीच्या आकड्यावर निघतो, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. म्हणून मी बंदीच्या तक्त्यावर फार वेळ घालवत नाही. तक्ता बऱ्यापैकी सरळ चालतो. रेफरीचा उंबरठा सरकतो.

तो किती सरकतो, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे २०२१ ची मॅजिक राउंड. मे महिना, दहावी फेरी, आठही सामने ब्रिस्बेनच्या एकाच मैदानावर. डोक्याला होणाऱ्या संपर्काबद्दल वरून आदेश आला, खेळ चालवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष पीटर व्लँडिस ठाम होते, आणि तीन दिवसांत तीन सेंड ऑफ व १४ सिन बिन झाले. हेतूला माझा विरोध नाही, डोकं वाचलंच पाहिजे. पण आधीच्या नऊ फेऱ्या जे टॅकल पेनल्टीवर सुटत होते तेच दहाव्या फेरीत दहा मिनिटांचे झाले. हंगामाच्या मध्ये माप बदललं की त्या हंगामातली कोणतीही तुलना लंगडी होते. आणि ऑगस्टमध्ये, तोच उंबरठा शिल्लक असता, तर मिचेल बाहेर गेला असता. तुमची तक्रार खरी ठरते ती या जागी.

उंच टॅकलमध्ये रेफरीने काय बघायचं हे तसं ठरलेलं आहे, फक्त ते क्षणात बघायचं असतं. पहिला संपर्क कुठे झाला: थेट डोक्याला, की चेंडूला किंवा छातीला लागून हात वर सरकला? चेंडूवाला घसरला, वाकला किंवा दुसऱ्या टॅकलरमुळे खाली आला का? टॅकलर सरळ उभा होता की कंबरेतून वाकला होता? हात धरण्यासाठी उघडा होता की झोकाने फिरवला? जोर किती? चौथ्या-पाचव्या रीप्लेला प्रत्येक टॅकल जाणूनबुजून केल्यासारखा दिसतो, म्हणून आधी नेहमीच्या वेगात बघा आणि मगच संथ गतीत. संथ गती संपर्काची जागा नीट दाखवते. जोर आणि हेतू याबद्दल मात्र फसवते. केअरलेस (निष्काळजी) आणि रेकलेस यातली रेघ जोर आणि हेतूवरच अवलंबून आहे, म्हणून सगळ्यात जास्त वाद तिथे.

कबुलीचा भाग चाहते विसरतात. लवकर कबुली दिली तर सवलत, लढून हरलात तर जास्त. २०२१ पर्यंत गुणांची पद्धत होती: १०० गुण म्हणजे एक सामना, कबुलीला २५ टक्के सूट, उरलेले सुटे गुण पुढे जात. २०२२ पासून ते गुण गेले आणि हलक्या गुन्ह्यांना दंड आला. उदाहरणार्थ तेव्हा केअरलेस हाय टॅकल ग्रेड एकला पहिल्यांदा १,००० डॉलर, लढून हरलात तर १,५००. दुसऱ्यांदा १,८०० आणि २,५००. पद्धत सोपी झाली, पण एक जुना पेच तसाच राहिला: लढायचं की नाही हे निर्दोष असण्यापेक्षा पुढचा सामना कोणता आहे यावर ठरतं.

मेलबर्नचा बिली स्लेटर, २०१८. क्रोनुलाच्या सोसाया फेकीवर प्रिलिमिनरी फायनलमध्ये (उपांत्य सामना) शोल्डर चार्जचा, म्हणजे न धरता खांद्याने धडक दिल्याचा, आरोप, ग्रेड एक. कबूल केलं असतं तरी ग्रँड फायनल जाणारच होती, आणि तो त्या सामन्यानंतर निवृत्त होणार होता. लढून हरला असता तर जास्तीचे सामने कुणाच्या अंगावर पडणार होते? गमावण्यासारखं काहीच नव्हतं. तो लढला, सुटला आणि खेळला. (मेलबर्न ६-२१ ने हरलं, तो भाग वेगळा.) त्याच्या दहा वर्षं आधी, २००८ मध्ये, त्याच क्लबचा कर्णधार कॅमेरॉन स्मिथ ब्रिस्बेनच्या सॅम थायडेवरच्या ग्रॅपल टॅकलसाठी (मान-डोक्याला विळखा) दोन सामने बाहेर बसला, त्याची ग्रँड फायनल गेली आणि मेलबर्न मॅनलीकडून ०-४० ने हरलं. प्रक्रियेवर जाहीर टीका केल्याबद्दल क्लबला ५०,००० डॉलर दंड झाला तो वेगळाच. दोन टॅकल वेगळे, आरोप वेगळे, तरी "फायनल म्हणून सोडलं" हा आरोप स्लेटरवर आजही होतो, कारण लोक निकाल लक्षात ठेवतात, आरोपाचं नाव नाही. शोल्डर चार्जची व्याख्या हातांनी धरण्याचा प्रयत्न होता की नव्हता यावर उभी आहे आणि पॅनेलपुढचा वाद त्या मुद्द्यावर होता. मला तो निकाल पटला नाही, पण तो अनाकलनीय नव्हता.

इंग्लंडमध्ये याहून विचित्र होऊ शकतं. २०२२ च्या सुपर लीग सेमीफायनलमध्ये सेंट हेलेन्सच्या मॉर्गन नोल्सने सॅल्फर्डच्या ख्रिस अ‍ॅटकिनचा हात पाठीमागे पिरगाळला. दोन सामने बंदी, पहिलं अपील फेटाळलं, दुसरं मंजूर, आणि तो लीड्सविरुद्ध ग्रँड फायनल खेळला. सेंट हेलेन्स २४-१२ ने जिंकले. अपिलाला हरकत नाही. पण त्याच पुराव्यावर एका आठवड्यात दोन उत्तरं आली की तुमच्यासारख्याला काय सांगणार?

बंदी सामन्यांत मोजायची की महिन्यांत, हेही तपासत चला. विगनचा बेन फ्लॉवर, २०१४ ची ग्रँड फायनल, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला लान्स होहायाला ठोसे, सेंड ऑफ आणि सहा महिने बंदी. ऐकायला भारी. पण ऑक्टोबरपासून सहा महिन्यांत हिवाळ्याची सुट्टी येते, त्या काळात सामनेच नसतात. सहा महिने मे महिन्यात सुरू झाले असते तर ती शिक्षा कितीतरी जड पडली असती.

तर पुढच्या वेळी दोन बंद्या शेजारी ठेवाल तेव्हा आधी वर्ष बघा, कारण तक्ता बदलतो. मग आरोपाचं नाव, मग ग्रेड, मग खेळाडूची आधीची नोंद, मग कबुली की सुनावणी. या पाचही गोष्टी सारख्या असून आकडा वेगळा आला, तर सातत्य नाही असं खुशाल म्हणा, मी तुमच्या बाजूने असेन. क्लिअरीची तुलना करायची तर २०२२ मधल्याच दुसऱ्या ग्रेड तीन डेंजरस थ्रोशी करा. कॅरिगनची तुलना त्यानंतरच्या हिप-ड्रॉपशी करा, आणि तिथे बघायचं ते हे की प्रकरण ग्रेडमध्ये बसवलं की थेट वर पाठवलं.