शिंक खरंच २७ फूट जाते का? बसमध्ये मागच्याने शिंक दिली तर आपल्यापर्यंत येतं का?

पणजी-मडगाव शटलमध्ये मागच्या सीटवरचा शिंकला तर, असं विचारलंय म्हणून आधी तेच सांगतो, येतं, आरामात येतं. मी फोंड्याला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, पोरं दरवर्षी हेच विचारतात.

२७ फुटांचा आकडा उगाच कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलेला नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिडिया बुरुइबा यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने शिंका शूट केल्यात, ७-८ मीटरचा हा आकडा त्यांचाच. पण तेवढं लांब जातं ते काय? थेंब एकेकटे नाही जात. १९३४ मध्ये अमेरिकन संशोधक विल्यम वेल्सने हिशोब मांडलेला तो एकेका थेंबाचा, मोठा असेल तर जमिनीवर पडणार, बारीक असेल तर पडायच्या आत वाळणार. नाकातोंडातून मात्र थेंबांबरोबर गरम दमट हवेचा अख्खा ढग सुटतो, कुकरची शिट्टी बघा, सुरुवातीला जोरात सरळ आणि मग आजूबाजूची हवा ओढून घेत फुगत मंद होत वर, तसंच. बारीक थेंब त्या ढगात अडकून फिरतात, म्हणून बुरुइबांच्या २०१४ च्या पेपरात ते एकट्या थेंबापेक्षा ५ ते २०० पट लांब गेलेले दिसतात.

०.१ मिलिमीटरचा थेंब तोंडाच्या उंचीवरून पाच-सहा सेकंदात खाली. त्याच्या दहाव्या भागाएवढ्याला मात्र स्थिर हवेत सात-आठ मिनिटं लागतात, कारण लहान थेंबाचा पडायचा वेग व्यासाच्या वर्गाने कमी होतो (पोरांनो, स्टोक्सचा नियम, बोर्डाला येतो). तोवर बस पर्वरीहून सुटली असली तर मांडवी पूल ओलांडून पणजीत.

आता आपल्या गोंयची गंमत. मे महिन्यात बाहेर ३३-३४ डिग्री, आणि शिंकेची हवाही जवळपास तेवढीच, मग ढगाला वर चढायला फारसं बळ नाही. एसी लावून २२-२३ केलं की तोच ढग हलका ठरून छताकडे जातो, शिवाय एसीची हवा कोरडी, थेंब लवकर वाळून आणखी बारीक होतात आणि तरंगत राहतात. पावसात दमट हवेत लवकर वाळत नाहीत ते ठीक, पण तेव्हा खिडक्या बंद, तिथेच माशी शिंकते!

कोपरात शिंकलं की पुढचा झोत मोडतो, बाजूने थोडं निसटतंच. फेरीबोटीत उघड्यावर वारा असला तर ढग पाच-दहा सेकंदात पातळ होऊन जातो, तिथे मी तरी काही बघत नाही, फक्त शिंकणाऱ्याकडून वारा माझ्याकडे येईल अशा बाजूला उभा राहत नाही.