अर्धवट कामांचा ढीग

प्रश्न : आमच्या शिवणकामाच्या छोट्या कारखान्यात आठ कारागीर दिवसभर राबतात, तरीही मागण्या वेळेवर पूर्ण होत नाहीत. आणखी मशिन घ्याव्यात का?

उत्तर : त्याआधी कापलेले पण न शिवलेले, आणि शिवलेले पण काज-बटणावाचून पडलेले कपडे मोजावेत, आपले भांडवल बहुधा तिथेच अडकले आहे. जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटवरून एक रीत घेतली : पुढच्या टप्प्याने उचलले तेवढेच मागच्याने बनवायचे, आणि त्याची खूण म्हणजे ‘कानबान’ हे कार्ड. आपण दोन टप्प्यांमध्ये एकच टोपली ठेवावी. ती भरली की कटिंग मास्तरने कापणे थांबवून काज-बटणाला हातभार लावावा. कापण्याचे टेबल रिकामे पाहून मालकाचा जीव कासावीस होतो हे मी जाणतो, तरीही या थांबण्याचाच मी आग्रह धरीन.